मुंबईतील डिझेल पिकअपसाठी सिंथेटिक ऑइल कसे निवडावे: इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे हौसिंग

वाशीच्या बाजारातून पहाटे भाजी उचलून दादरला पोहोचवणारी पिकअप आणि भिवंडीच्या गोदामातून माल भरून कसारा घाट चढणारी पिकअप या दोन्ही एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या असल्या, तरी त्यांच्या ऑइलवर पडणारा ताण सारखा नसतो. पहिली गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त चालते, तर दुसरीचा गिअरबॉक्स आणि मागचे हौसिंग भरलेल्या मालाखाली घाटभर तापत राहते. दुकानात मात्र दोन्ही मालकांना एकच सल्ला मिळतो: सिंथेटिक घ्या, चांगले असते. हा सल्ला खोटा नाही, पण तो तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आधी स्पेसिफिकेशन (ऑइल कोणत्या कामासाठी आहे हे सांगणारा डब्यावरचा वर्ग), मग ऑइलचा जाडपणा आणि त्यानंतर सिंथेटिक की मिनरल, या क्रमानेच निवड करावी, असे माझे ठाम मत आहे. नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी हाच क्रम येथे पायरीपायरीने मांडला आहे.

पहिली पायरी: गाडीत कोठे काय भरले आहे ते लिहून काढणे

मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या पिकअपमध्ये ऑइलची तीन मुख्य ठिकाणे असतात: इंजिन, गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारी दातेरी जोडी) ज्यात बसते ते मागचे हौसिंग. फोर बाय फोर गाडी असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि पुढचे डिफरन्शियल (पुढच्या दोन चाकांना ताकद देणारी गिअरांची जोडणी) ही दोन ठिकाणे वाढतात. याशिवाय मागच्या हौसिंगकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि चाकांची बेअरिंगे ग्रीसवर चालतात. यातील प्रत्येक ठिकाणचे वंगण वेगळे असू शकते, आणि एकाचे दुसऱ्यात चालेलच असे गृहीत धरता येत नाही. ट्रान्सफर केसबाबत तर काही कंपन्या गिअर ऑइल सांगतात आणि काही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ, लालसर ऑइल सांगतात.

गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानांजवळ वंगणांचा तक्ता असतो. त्यातून प्रत्येक ठिकाणासाठी तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात: किती लिटर, कोणता ग्रेड (जाडपणाचा आकडा) आणि कोणते स्पेसिफिकेशन. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल आणि पुस्तिका मिळाली नसेल, तर चॅसिस क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीवरून अंदाज बांधू नये, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानके) गाड्यांचे इंजिन ऑइल बहुधा वेगळे असते.

दुसरी पायरी: स्पेसिफिकेशन जुळवणे

इंजिनापासून सुरुवात करू. देशभरात बीएस-४ हे मानक एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हे एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवलेला असतो. त्यात साठलेली काजळी उष्णतेने जळून जाते, परंतु इंजिन ऑइलमधील धातूयुक्त रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साठत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या सीके-४ वर्गात सल्फेटेड राखेची (ऑइल जाळल्यावर उरणाऱ्या राखेची) मर्यादा १ टक्का आहे, तर एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या सी३ वर्गात ती ०.८ टक्का आहे. पुस्तिकेत सी३ लिहिले असताना स्वस्त मिळाले म्हणून जुन्या वर्गाचे ऑइल भरणे म्हणजे महागडा फिल्टर हळूहळू बुजवणे होय. डीपीएफ नसलेल्या जुन्या गाडीला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस (एपीआयचे आधीचे वर्ग) सांगितले असेल, तर त्या जागी सीके-४ चालते. एफए-४ हा वर्ग मात्र पातळ ऑइलसाठी आखलेल्या इंजिनांचा आहे आणि तो जुन्या इंजिनात भरू नये.

नवख्या माणसाची खरी फसगत गिअर ऑइलमध्ये होते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन वर्ग दिसतात. आकडा मोठा म्हणजे दर्जा मोठा, असा समज करून अनेक जण सगळीकडे जीएल-५ भरून टाकतात. वस्तुतः हे दोन वर्ग दोन वेगळ्या कामांसाठी आहेत.

मागच्या हौसिंगमध्ये पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या अक्षाच्या बरोबर समोर नसून साधारणपणे खाली सरकवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यामुळे शाफ्ट खाली बसतो आणि दातांची पकड वाढते, पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली घासत सरकतात. त्या दाबाखाली ऑइलचा थर तुटतो. तेव्हा ऑइलमधील गंधक आणि फॉस्फरसची संयुगे तापलेल्या धातूशी संयोग पावून पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतात आणि दात वाचतात. जीएल-५ मध्ये या संयुगांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. हायपॉइड हौसिंगमध्ये जीएल-४ भरले, तर भरल्या गाडीत क्राउन-पिनियन फार काळ टिकणार नाही.

गिअरबॉक्समध्ये याच्या उलट परिस्थिती असते. तेथील दात सरळ किंवा तिरपे असतात आणि त्यांच्यात एवढे घासणे नसते, परंतु तेथे पितळेसारख्या तांबेयुक्त मिश्रधातूंच्या सिंक्रोनायझर रिंगा असतात. गिअर बदलताना या रिंगांनी घर्षणाच्या जोरावर दोन वेगांची जुळणी करायची असते. ऑइल फार निसरडे असेल तर रिंग पकडत नाही, गिअर कडकड करत पडतो, आणि तापमान वाढले की सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ लागते. आधुनिक जीएल-५ ऑइलांमध्ये ही झीज बरीच आटोक्यात आणलेली असली, तरी घर्षणाचा प्रश्न राहतोच. म्हणून पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४च भरावे. काही कंपन्या आपल्या गिअरबॉक्सला जीएल-५, तर काही थेट इंजिन ऑइल सांगतात. तेथे कंपनीचेच ऐकावे. मेकॅनिकने एकाच बादलीतून गिअरबॉक्स आणि हौसिंग दोन्ही भरायला घेतले, तर त्याला थांबवून दोन्हींचे वर्ग विचारण्यात संकोच बाळगू नये.

गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणारे) असेल आणि त्यात घर्षणाच्या चकत्या असतील, तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण आटोक्यात ठेवणारे रसायन, लागतो. तो काही ऑइलांत आधीच मिसळलेला असतो आणि काहींत वेगळा घालावा लागतो. वळणावर मागून थरथर किंवा गुरगुर जाणवली, तर आधी याची चौकशी करावी.

तिसरी पायरी: ग्रेड आणि मुंबईची हवा

गिअर ऑइलच्या ग्रेडमध्ये, उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-९० मध्ये, पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसवरील जाडपणाचा असतो. ७५डब्ल्यू ऑइल उणे ४० अंशांवर, ८०डब्ल्यू उणे २६ वर आणि ८५डब्ल्यू उणे १२ वर ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये, असे मानक सांगते. सांताक्रूझला नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे आणि तेही जानेवारी १९६२ मधले. म्हणजे पहिल्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे मुंबईकराला काही कारण नाही. इंजिनातही तेच आहे. १५डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे २० अंशांवर घेतली जाते. कल्याण-बदलापूरच्या जानेवारीतल्या पहाटेला त्याची काही अडचण होत नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले असेल तर ते बहुधा डीपीएफ आणि इंधनबचतीच्या कारणाने सांगितलेले असते, आणि म्हणून तेच भरावे.

दुसरा आकडा मात्र काटेकोरपणे पाळावा. गिअर ऑइलच्या ९० ग्रेडचा १०० अंशांवरील जाडपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजण्याचे एकक) या दरम्यान असतो. इंजिन ऑइलचा ४० ग्रेड १२.५ ते १६.३ या पट्ट्यात येतो. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या असल्यामुळे ९० हा आकडा ४० च्या दुपटीहून मोठा दिसतो, पण प्रत्यक्षात ही दोन्ही ऑइले जवळपास सारखीच जाड आहेत. हौसिंगसाठी ९० सांगितले असताना 'माल जास्त भरतो' म्हणून १४० भरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. १४० ची पट्टी २४ ते ३२.५ सेंटिस्टोक अशी आहे. एवढे जाड ऑइल ढवळण्यात ताकद जाते आणि ती उष्णता होऊन पुन्हा ऑइलमध्येच येते. कंपनीने जड कामासाठी पर्याय म्हणून १४० लिहिले असेल तरच ते वापरावे.

चौथी पायरी: सिंथेटिकवर पैसे कोठे घालावेत

वंगणाचे मूळ तेल पाच गटांत विभागले जाते. पहिले दोन गट म्हणजे कच्च्या तेलापासून शुद्ध केलेली मिनरल तेले. चेंबूरजवळच्या माहुल येथील रिफायनऱ्यांमध्ये अशा मूळ तेलांचे उत्पादन होते. तिसऱ्या गटात कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या साहाय्याने रेणूंची रचना बदलून, १२० किंवा त्याहून अधिक व्हिस्कॉसिटी इंडेक्सचे (तापमान बदलले तरी जाडपणा किती टिकतो याच्या निर्देशांकाचे) तेल मिळवतात. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ, या कारखान्यात रेणू जोडून तयार केलेल्या तेलाचा आहे, आणि एस्टरसह उरलेले सर्व पाचव्या गटात येतात. १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातील वादात अमेरिकेच्या जाहिरात-परीक्षण मंडळाने तिसऱ्या गटाच्या तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला. त्यामुळे आज डब्यावरच्या 'फुल सिंथेटिक' या शब्दांवरून आत कोणता गट आहे हे कळत नाही. इंजिनासाठी तिसऱ्या गटाचे चांगले ऑइल पूर्णपणे पुरेसे असते, त्यामुळे त्याची चिंता करण्याची गरज नाही.

सिंथेटिकचा मुंबईतला उपयोग उष्णतेत आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइल खराब होण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो. चांगले सिंथेटिक या ऱ्हासाला अधिक काळ तोंड देते. दुसरा फायदा कमी बोलला जातो. मिनरल मल्टिग्रेड (थंडी आणि उष्णता दोन्हींचे आकडे असलेले) ऑइल गरम झाल्यावर पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात, आणि गिअरच्या दातांमध्ये सापडून या साखळ्या तुटतात. ९० म्हणून भरलेले ऑइल काही महिन्यांत ९० राहत नाही. पीएओच्या तेलाला मुळातच या पॉलिमरांची गरज कमी असल्याने त्याचा जाडपणा टिकतो.

म्हणून बजेट मर्यादित असेल तर पहिले सिंथेटिक मागच्या हौसिंगमध्ये भरावे, असे मी सुचवेन. इंजिनाला रेडिएटर असतो, तापमानाचा काटा असतो. हौसिंगला यातले काहीच नसते. घाटात भरलेल्या गाडीचे हौसिंग किती तापले हे चालकाला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय तेथे सर्वसाधारणपणे दीड ते तीन लिटरच ऑइल मावते आणि ते इंजिन ऑइलपेक्षा बरेच जास्त काळ टिकते, त्यामुळे दरातील फरक प्रत्यक्षात फार जाणवत नाही. इंजिनाच्या बाबतीत बीएस-६ गाड्यांना सांगितलेली ५डब्ल्यू-३० कमी राखेची ऑइले बहुधा सिंथेटिकच असतात, त्यामुळे तेथे निवड आपोआप होते. जुन्या इंजिनात योग्य वर्गाचे मिनरल १५डब्ल्यू-४० वेळेवर बदलणे हे सिंथेटिक भरून विसरून जाण्यापेक्षा निश्चित चांगले. गिअरबॉक्सचा क्रमांक मी शेवटी ठेवतो, आणि तेथे खरेदी करताना विशेष जपावे, कारण बाजारात सहज मिळणारी ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक ऑइले मुख्यतः जीएल-५ वर्गाची असतात.

गाडी जुनी असेल आणि हौसिंगच्या सीलमधून आधीच ओल येत असेल, तर आधी सील बदलावे. सिंथेटिकमुळे गळती सुरू झाली, अशी तक्रार पुष्कळदा थकलेल्या सीलचीच असते.

पाचवी पायरी: पाणी आणि ब्रीदर

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस अपवादात्मक होता. परंतु हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे येथे पाणी साचणे हा दर पावसाळ्याचा अनुभव आहे, आणि पिकअपवाल्याला माल पोहोचवायचा असल्याने तो त्या पाण्यातून जातो. हौसिंगच्या वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी टोपी किंवा नळी असते. ऑइल तापले की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. गरम हौसिंग अचानक गार पाण्यात बुडले, तर आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर तो दाब सीलवर येतो आणि ते गळू लागतात.

आत गेलेल्या पाण्यापुढे कोणत्याही किमतीचे ऑइल टिकत नाही. ते दुधाळ होते, बेअरिंगांना गंज चढतो आणि दात रक्षणारी रसायने निकामी होऊ लागतात. म्हणून मे महिन्यातच ब्रीदर काढून साफ करावा, त्याला नळी असल्यास तिचे तोंड उंचावर आणि शाबूत आहे हे पाहावे. गाडी चाकाच्या मध्यापेक्षा वर पाण्यात गेली असेल, तर त्याच आठवड्यात फिलर प्लग उघडून ऑइल तपासावे. दुधाळ दिसले तर किलोमीटर न पाहता ते बदलून टाकावे, मग ते कालच भरलेले का असेना.

ग्रीसबाबतही हाच विचार लागू होतो. क्रॉससाठी एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाच्या मोजपट्टीवरील क्रमांक) घट्टपणाचे, पाण्याने धुऊन न जाणारे लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस घ्यावे, आणि नवे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारावी. पॉलियुरिया आणि लिथियम ग्रीस एकत्र मिसळू नये. बहुतेक जोड्यांत दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

सहावी पायरी: खरेदी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून प्रत्येक उपनगरातल्या ऑइलच्या दुकानापर्यंत मुंबईत कोणताही ब्रँड मिळतो. सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, शेल, गल्फ, वीडॉल यांपैकी कोणाचेही योग्य वर्गाचे ऑइल चालते. ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. बनावट मालापासून मात्र सावध राहावे. सुट्या डब्यातले ऑइल घेऊ नये, झाकणाची कडी आणि आतले सील अखंड आहे का हे पाहावे, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख वाचावी आणि जीएसटीचे बिल घ्यावे. रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच न सोडता झाकण कापून किंवा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात पुन्हा कोणी काही भरणार नाही.

सातवी पायरी: बदलणे आणि जुने ऑइल वाचणे

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट झाल्यावर सपाट जागेवर उभी करावी. हौसिंग असो वा गिअरबॉक्स, आधी वरचा फिलर प्लग सैल होतो का ते पाहावे आणि मगच खालचा ड्रेन प्लग उघडावा. ऑइल काढून टाकल्यावर फिलर प्लग गंजून बसल्याचे लक्षात आले, तर गाडी तेथेच अडकते. चुंबकीय प्लगवर राखाडी लोण्यासारखा बारीक थर असणे नेहमीचे आहे. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर हौसिंग उघडावे लागेल. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये पिवळसर चकाकी असेल तर सिंक्रोनायझर रिंगा झिजत आहेत. नवा वॉशर लावून, फिलरच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत ऑइल आले की भरणे थांबवावे. जास्त भरल्यास ते फेसाळते आणि सीलवाटे बाहेर येते.

बदलण्याचे अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे, पण पुस्तिकेत जड वापरासाठी वेगळा रकाना असतो, आणि मुंबईतला जवळपास प्रत्येक पिकअपवाला त्याच रकान्यात येतो. ताशी सरासरी १५ किलोमीटरने चालणाऱ्या गाडीचे इंजिन १०,००० किलोमीटरमध्ये सुमारे ६६७ तास चालते. महामार्गावर ताशी ५० ने जाणाऱ्या गाडीचे तेच अंतर २०० तासांत होते. इंजिन ऑइल तासांनी थकते, किलोमीटरांनी नव्हे. डीपीएफच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे फिल्टरची स्वच्छता अर्धवट राहिली, तर त्यासाठी जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ते ऑइल पातळ झालेले आहे; ते बदलावे आणि फिल्टरची स्वच्छता पूर्ण होईल इतका वेळ अधूनमधून गाडी महामार्गावर एकसारख्या वेगाने चालवावी.

काढलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. ते गटारात, नाल्यात किंवा मातीत ओतू नये, आणि लाकडी फळ्यांना लावण्यासाठी कोणी मागितले तरी देऊ नये. झाकणाच्या डब्यात भरून, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जुने ऑइल पाठवणाऱ्या गॅरेजलाच ते द्यावे. भरलेल्या नव्या ऑइलचा ग्रेड, वर्ग, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावे आणि पेंटच्या पेनने हौसिंगवरही लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजमध्ये भलतेच ऑइल भरले जाणार नाही.